फोनवर वहिनीचं नाव

प्रिय ताई,

मी २९ वर्षांची आहे. कळायला लागल्यापासून तोतरी बोलते, पण ऑफिसात हे कुणालाच माहीत नाही, कारण मी शब्द बदलते. ‘क’वर अडकणार असं वाटलं की दुसराच शब्द घेते, नाहीतर विचार करत असल्यासारखं दाखवते. पंचाईत अशी की माझं स्वतःचं नावच ‘क’वरून आहे. फोनवर कुणी नाव विचारलं की मी वहिनीचं नाव सांगते.

चौदाव्या वर्षी आठ महिने स्पीच थेरपी घेतली होती. मेट्रोनोमच्या, म्हणजे ठेका देणाऱ्या यंत्राच्या, टकटकीवर धडे वाचायला लावायचे. खोलीत छान जमायचं, जिना उतरेपर्यंत संपायचं. ‘घरी सराव करत नाहीस’ म्हणून दर वेळी बोलणी खायचे, शेवटी सोडून दिलं. आई म्हणते, लहानपणी काकांची नक्कल करायचीस, त्यानं लागलं. काका तोतरे होते.

आता माझ्याकडे टीमची जबाबदारी येते आहे. दर आठवड्याची मीटिंग मीच सुरू करायची, नव्या लोकांना स्वतःची ओळख करून द्यायची. पुन्हा थेरपी घ्यावी असं वाटतं. पण हल्ली जिथे तिथे ‘आहात तसं स्वतःला स्वीकारा’ असं वाचते. स्वीकारायचं तर थेरपी कशाला? आणि थेरपी घ्यायची म्हणजे स्वीकारलं नाहीच ना? शिवाय खरं सांगू का, स्वीकार वगैरे मला जमेल असं वाटत नाही. रेकॉर्ड केलेला माझा आवाज मला ऐकवत नाही.

– एक वाचक

ता. क. थेरपिस्टची वेळ घ्यायलासुद्धा फोनच करावा लागेल, याच विचारानं तीन आठवडे गेले.

*

प्रिय मैत्रिणी,

आधी काकांचा विषय मिटवू, तो सोपा आहे. नक्कल करून तोतरेपणा लागत नाही. तो बहुतेक मुलांमध्ये दोन ते पाच या वयात सुरू होतो, वाक्यं जुळवायला लागतात त्याच सुमारास. बऱ्याच मुलांचा आपसूक जातो, काहींचा राहतो. मोठ्या माणसांत शंभरातल्या साधारण एकाला तो असतो, आणि त्यातही पुरुष बायकांच्या जवळजवळ चौपट. (तुला आजवर दुसरी तोतरी बाई भेटली नसेल तर त्याचं कारण हेच. शिवाय त्याही तुझ्यासारख्याच लपलेल्या असणार.) तो कुणाचा राहणार, यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना तोतरेपणा असलेल्या माणसांमध्ये तीन जनुकांतले बदल सापडले. ही जनुकं पेशीतला टाकाऊ माल मोडून पुन्हा वापरात आणणाऱ्या यंत्रणेतली आहेत. बोलण्याशी त्यांचा काही संबंध असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. प्रत्येक तोतऱ्या माणसाचं उत्तर त्या तिघांत नाही. पण काका तोतरे आणि पुतणी तोतरी, यात नवल काहीच नाही, आणि दोष तर कुणाचाच नाही. हे आईला सांग. वाद जिंकायला म्हणून नको सांगूस. ‘तेव्हाच हिला दटावायला हवं होतं’ हे ओझं तीही इतकी वर्षं वाहत असेल.

जीभ जड असल्याचा संशयही कुणी ना कुणी बोलून दाखवला असेलच. १८४१ मध्ये बर्लिनच्या योहान डिफेनबाख नावाच्या नामांकित शल्यविशारदानं तोतऱ्या रुग्णांच्या जिभेच्या मुळाशी पाचरीसारखा तुकडा कापून पाहिला होता. भूल द्यायची सोय तेव्हा यायची होती. जिभेत तसं काहीच नसतं. बोलण्याच्या हालचाली मेंदूत ज्या क्षणी जुळून याव्या लागतात तिथली वेळ चुकते, आणि काय बोलायचं ते लख्ख माहीत असूनही शब्द दाराशी अडतो. घाबरल्यामुळे हे सुरू होत नाही. घाबरल्यावर वाढतं, एवढं खरं.

आता त्या मेट्रोनोमकडे येते, कारण तुझ्या पत्रातला हाच भाग वाचून मला राग आला. टकटकीच्या ठेक्यावर बोललं की तोतरी माणसं जवळपास सगळीच सुरळीत बोलतात. कुणाच्या बरोबरीनं एका सुरात वाचलं तरी तेच. गाताना तेच, एकट्यानं खोलीत बोलताना, मांजराशी बोलताना तेच. ही गोष्ट फार जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली आहे. म्हणजे त्या खोलीत तुला ‘जमत होतं’ त्यात थेरपीचं काही श्रेय नव्हतं आणि जिना उतरल्यावर जे संपत होतं त्यात तुझा काही आळस नव्हता. माणसं समोर आल्यावर, घाई असताना, नाव विचारल्यावर काय करायचं हे तुला शिकवलंच गेलं नाही. आणि न शिकवलेल्या परीक्षेत तुला नापास केलं. चौदा वर्षांच्या मुलीनं यातून काय निष्कर्ष काढायचा? ‘मीच कमी पडते.’ तो तू काढलास आणि पंधरा वर्षं जपलास.

या संदर्भात एक जुना, लाजिरवाणा प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात वेंडेल जॉन्सन या संशोधकाच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीनं एका अनाथालयातल्या २२ मुलांवर तो केला. त्यातल्या काही चांगल्या बोलणाऱ्या मुलांना सांगण्यात आलं, की तुम्ही तोतरे व्हायला लागला आहात, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. टोकल्यानं तोतरेपणा निर्माण होतो का, हे पाहायचं होतं. मुलं तोतरी झाली नाहीत. गप्प झाली. वर्गात उत्तरं देईनात, तोंड लपवायला लागली. अनेक दशकांनी त्यांतल्या काहींना नुकसानभरपाई मिळाली, तोवर आयुष्यं निघून गेली होती. त्या मुलांत आणि तुझ्यात एक फरक आहे. तुझा तोतरेपणा खरा होता. गप्प होणं मात्र तुलाही असंच शिकवलं गेलं.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे. स्वीकार की थेरपी?

तू लिहिलं आहेस त्यात अडखळण्याचं वर्णन जेमतेम एका ओळीचं आहे. बाकी सगळं पत्र न अडखळण्यासाठी काय काय करावं लागतं त्याचं आहे. शब्द बदलणं, थांबल्याचं नाटक, वहिनीचं नाव, तीन आठवडे न केलेला फोन. जोसेफ शीहान नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते, स्वतः तोतरे. ते तोतरेपणाला हिमनग म्हणायचे: अडकलेले शब्द हा पाण्यावर दिसणारा तुकडा, आणि खाली लाज, धास्ती, चुकवाचुकवी. तुझा तर वरचा तुकडाही कुणाला दिसत नाही. ऑफिसच्या दृष्टीनं तू अस्खलित आहेस, आणि त्यासाठी दिवसभर एक दुसरी नोकरी करते आहेस. आपली मराठीही या कामी तुला फार मदत करते बघ. कर्ता मागे टाका, क्रियापद पुढे आणा, वाक्य तरीही उभं राहतं. ‘कागद दे’ अडलं तर ‘दे ना तो, समोरचा’. फक्त नावाला पर्यायी शब्द नसतो. म्हणून तोतऱ्या माणसांची सगळ्यात जास्त गाठ पडते ती स्वतःच्या नावाशी. हे तुझं एकटीचं नाही.

भाषेचा विषय निघालाच आहे तर सांगते. ‘त त प प झालं’ हे आपण कुणाबद्दल म्हणतो? जो घाबरला, ज्याची चोरी पकडली गेली त्याच्याबद्दल. आणि ‘अस्खलित’ म्हणजे शब्दशः जे घसरत नाही ते. बोलणं न अडणं म्हणजे खरेपणा, अडणं म्हणजे खोट, असं आपल्या बोलण्यातच मुरलेलं आहे. तू ते तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून ऐकते आहेस. स्वतःचा आवाज ऐकवत नाही यात आश्चर्य कसलं?

म्हणून मला वाटतं, तुला थेरपी हवीच, पण ती हवी आहे लपवणं सोडायला. अडखळणं घालवण्याची थेरपी तू एकदा घेतलीस, तिचं काय झालं ते तूच लिहिलं आहेस. लपवणं सोडण्याची थेरपी आणि स्वीकार या दोन वेगळ्या वाटा उरत नाहीत. स्वीकार आधी मनात तयार व्हायला हवा, मग माणूस धीट होतो, असं जे तू वाचतेस ते मला उलटं वाटतं. माझ्या पाहण्यात तरी तो मागून येतो. आधी माणूस फोनवर स्वतःचं नाव सांगतो, त्यावर सात सेकंद अडकतो, पलीकडचा ‘बरं, पुढे?’ म्हणतो, जग चालू राहतं. असं वीस-पंचवीसदा झालं की एक दिवस लक्षात येतं, अरे, आपण घाम पुसला नाही. तेव्हा ‘मला जमेल असं वाटत नाही’ याची काळजी आत्ता करू नकोस. वाटायची गरज नाही.

अशा थेरपीत शिकवतात तरी काय? चार्ल्स व्हॅन रायपर या थेरपिस्टनं (हेही स्वतः तोतरे, या क्षेत्राचा पाया घालणारे कितीतरी जण तोतरेच होते) तोतरेपणा टाळण्याऐवजी सैल करायला शिकवलं. शब्द अडकत अडकत एकदाचा बाहेर पडला की क्षणभर थांबायचं आणि तोच शब्द जोर न लावता पुन्हा म्हणायचा. ते जमलं की अडकलेलं असतानाच, मध्यावर, ताण सोडत बाहेर यायचं. आणि शेवटी, पुढे अडणार हे दिसल्यावर पळ न काढता त्या शब्दात सैल जिभेनं, सैल ओठांनी शिरायचं. हा क्रमही मजेशीर आहे: झाल्यानंतर, होत असताना, होण्याआधी. याच्या जोडीला आणखी एक व्यायाम असतो, तो ऐकून तू पत्र फेकून देशील: मुद्दाम अडखळायचं. जिथे अडखळणार नव्हतीस तिथे, अनोळखी माणसासमोर, ठरवून. ज्या गोष्टीपासून पंचवीस वर्षं पळालीस ती स्वतःच्या हातानं केली की तिची भीती कमी व्हायला लागते. माझी धाकटी बहीण तोतरी आहे. तिनं पहिल्यांदा हे केलं तेव्हा घरी येऊन ती हसत होती, कारण समोरच्यानं तिच्याकडे वर मान करून पाहिलंसुद्धा नव्हतं.

बहिणीचा उल्लेख झाला तर माझाही गुन्हा कबूल करते. मी वीस वर्षं तिची वाक्यं पूर्ण करत आले. प्रेमानं. तिला त्रास नको म्हणून. एकदा ती म्हणाली, “तू देतेस तो शब्द माझा नसतो. पण मी घेते, कारण ‘हा नाही’ म्हणायला अजून शब्द लागतात.” त्या क्षणी मला कळलं की तिनं आजवर माझ्याशी बोललेल्या कितीतरी गोष्टी मीच स्वतःशी बोलले होते.

तेव्हा थेरपिस्ट निवडताना पहिली परीक्षा हीच. तू अडकलीस की ती व्यक्ती काय करते? वाट पाहते, तुझ्याकडे पाहत, चेहरा न बदलता? की शब्द पुरवते, ‘सावकाश, दीर्घ श्वास घ्या’ म्हणते? पहिल्या पाच मिनिटांत कळतं. पण ते कळायला तुला तिथे अडकावं लागेल. लपवायची कला घेऊन गेलीस तर ती म्हणेल, तुम्हाला तर काहीच नाही. हे लपवणाऱ्या लोकांच्या बाबतीत खरोखर घडतं. म्हणून आधीच सांग, की मी शब्द बदलते, आज बदलणार नाही.

मग विचार: तोतरेपणा असलेल्या किती मोठ्या माणसांबरोबर काम केलं आहे? हा प्रश्न उद्धट नाही. स्पीच थेरपिस्टकडे पक्षाघातानंतर वाचा गेलेले रुग्ण येतात, ऐकू न येणारी मुलं येतात, गिळायला त्रास होणारे येतात. तोतरेपणा हा अनेकांच्या कामाचा छोटा कोपरा असतो. त्यात त्यांची चूक नाही, पण तुझी निवड तुला करायची आहे. खोलीबाहेर काम करता का, म्हणजे माझ्याबरोबर बसून फोन लावाल का, मीटिंगची तयारी करून घ्याल का, तेही विचार. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटी: थेरपी यशस्वी झाली असं तुम्ही कधी म्हणता? ‘एकही शब्द अडणार नाही तेव्हा’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून उठ. ‘तुम्हाला जे म्हणायचं ते, ज्याला म्हणायचं त्याला म्हणाल तेव्हा’ अशा अर्थाचं काही आलं तर पुढची वेळ घे. ठरावीक दिवसांत कायमचा बरा करण्याची हमी कुणी देत असेल, गोळी देत असेल, तर तिथून पळ. तोतरेपणा घालवण्यासाठी म्हणून मान्यता मिळालेलं औषध आजपर्यंत एकही नाही. तुझ्या गावात नीट कुणी सापडलं नाही तर व्हिडिओ कॉलवरही हे काम चांगलं होतं. आणि तोतऱ्या माणसांचे स्वमदत गट असतात, त्यांतला एखादा शोध. दुसरी कुणी बाई निवांत अडखळत, न घाईनं, एखादा विनोद पूर्ण करते आहे, हे एकदा ऐकणं मी दहा सेशनच्या तोडीचं मानते. हे माझं मत आहे, थेरपिस्टांचं नसेल.

काहीजण तुला इंग्लंडच्या सहाव्या जॉर्ज या तोतऱ्या राजाची गोष्ट सांगतील: लायोनेल लोग नावाच्या स्पीच थेरपिस्टकडे गेला आणि बोलायला लागला. ऑक्टोबर १९२६ मध्ये गेला हे खरं. पण ३ सप्टेंबर १९३९ चं, दुसरं महायुद्ध सुरू झाल्याचं त्याचं भाषण मूळ आवाजात ऐक. तेरा वर्षांनंतरही लोग त्याच खोलीत उभा आहे, आणि राजा शब्दांपाशी थांबतो आहे, एकदा नाही, पुष्कळदा. भाषण मात्र शेवटपर्यंत गेलं.

आता मीटिंग. पहिल्याच दिवशी, ओळख करून देताना, सांगून टाक. माफी मागू नकोस. ‘सॉरी, मला जरा प्रॉब्लेम आहे’ आणि ‘मी तोतरी बोलते, मध्ये थांबले तर मला वेळ द्या, वाक्य माझं मीच पूर्ण करेन’ या दोन वाक्यांचा ऐकणाऱ्यावर फार वेगळा परिणाम होतो. यावर अभ्यासही झाले आहेत, आणि माफी न मागणारं वाक्य बोलणाऱ्याबद्दल लोकांचं मत अधिक चांगलं होतं. शिवाय एकदा सांगितलं की लपवायचं काही उरत नाही, आणि दुसऱ्या नोकरीतून सुट्टी मिळते. आधी एका माणसाला सांगून पाहा, ज्याच्यावर भरवसा आहे अशा सहकाऱ्याला. सगळ्यांसमोर सांगणं त्यानंतर.

कुणी हसणारच नाही असं मी म्हणणार नाही. हसेल एखादा. नकलाही होतील. सांगून टाकल्यावर निदान एवढं होतं, की खोलीतल्या बाकीच्यांना कळतं की हसणारा कशाला हसतो आहे. आणि फोनच्या विचारानं तीन आठवडे जात असतील, मीटिंगच्या आदल्या रात्री झोप उडत असेल, तर त्या भीतीसाठी स्पीच थेरपीच्या जोडीला समुपदेशकाकडेही जा. तोतऱ्या मोठ्या माणसांत चारचौघांत बोलण्याची तीव्र धास्ती बरीच आढळते, आणि तिच्यावर उपचार आहेत.

एखाद्या दिवशी थकशील आणि शब्द बदलशील. बदल. मला कळवू नकोस, स्वतःलाही रागावू नकोस. लपवणं हे तुझं शहाणपणच होतं. त्या आठ महिन्यांनंतर तुझ्यापाशी दुसरं होतं काय?

ता. क.ला ता. क.: थेरपिस्टची वेळ ईमेल करून किंवा मेसेज पाठवून घे. त्यात पळपुटेपणा कसला, लोक रोज तसंच करतात. फोनचा सराव पुढे त्यांच्याबरोबर बसून होईल. मेसेजमध्ये नाव मात्र वहिनीचं लिहू नकोस.

– तुझी,
ताई